वीज गेली तेव्हा फाइल कुठे होती?

तुम्ही फाइल सेव्ह करता. पडद्यावर ‘सेव्ह झाली’ अशी खूण उमटते आणि दोनच सेकंदांत वीज जाते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती फाइल सापडेल का? सापडली तर नवी सापडेल की आधीची? की नाव जागेवर असेल आणि आत एक अक्षरही नसेल?

तिन्ही गोष्टी घडू शकतात. आणि तिन्ही वेळा फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेने, आपलं काम चोख बजावलेलं असू शकतं. हे ऐकून धक्का बसतो, पण सगळी मेख इथेच आहे. फाइल सिस्टिम क्रॅशमधून सुखरूप बाहेर येते असं आपण म्हणतो, तेव्हा ती स्वतः सुखरूप असते. तुमचा मजकूर सुखरूप असणं हा वेगळा करार आहे, आणि तो करार प्रोग्रामला मागून घ्यावा लागतो.

आधी तो मजकूर कुठे असतो ते बघू. सेव्ह करताना प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ‘एवढे बाइट या फाइलमध्ये लिही.’ ऑपरेटिंग सिस्टिम ते बाइट रॅममधल्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मजकुराची ‘पानं’ तात्पुरती ठेवायच्या जागेत, उतरवून घेते आणि लगेच ‘झालं’ म्हणते. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये मागे चालणारं एक काम दर ५ सेकंदांनी जागं होतं आणि बदलून ३० सेकंद उलटून गेलेली पानं डिस्ककडे धाडतं. म्हणजे जवळजवळ अर्धा मिनिट तुमचं लिखाण निव्वळ विजेच्या भरवशावर असतं. हे मुद्दाम केलेलं आहे. फिरत्या डिस्कवर योग्य जागी पोचून लिहायला काही मिलिसेकंद लागतात. रॅमला लागणारा वेळ त्याच्या मानाने नगण्य. प्रत्येक बाइटसाठी डिस्कची वाट पाहत बसलो, तर संगणकावर काम करणं नकोसं होईल.

पण फक्त उशीर हीच अडचण असती तर प्रकरण सोपं होतं. शेवटचा अर्धा मिनिट गेला, एवढंच म्हणून मोकळं होता आलं असतं. खरी गोची पुढे आहे.

एक साधं काम जवळून पाहू. एका फाइलच्या शेवटी ४ किलोबाइट मजकूर जोडायचा आहे. यासाठी डिस्कवर निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहावं लागतं. एक, एखादा रिकामा ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचा ठरावीक आकाराचा कप्पा, घेऊन त्यात प्रत्यक्ष मजकूर. दोन, फाइलचा आयनोड, म्हणजे फाइल किती मोठी आहे आणि तिचे ब्लॉक कुठे कुठे आहेत याची नोंद. तीन, बिटमॅप, म्हणजे कुठला ब्लॉक भरलेला आणि कुठला मोकळा याचा तक्ता. डिस्क मात्र एका वेळी फार तर एका सेक्टरची हमी देते, ५१२ किंवा ४०९६ बाइटची. तीन ठिकाणची लिखाणं एका दमात होतील अशी सोय हार्डवेअरमध्ये नाही. शिवाय डिस्क आपल्या सोयीने त्यांचा क्रमही बदलते.

आता मधेच वीज गेली असं धरा. फक्त मजकूर पोचला असेल, तर काही बिघडलं नाही. तो ब्लॉक कोणाच्याच नोंदीत नाही, जणू लिहिलंच नव्हतं. फक्त बिटमॅप पोचला असेल, तर एक ब्लॉक कायमचा अडकला: तक्ता म्हणतो भरलेला, पण तो कुठल्याही फाइलचा नाही. फक्त आयनोड पोचला, तर मात्र गंभीर. फाइल म्हणते ‘हा ब्लॉक माझा’, तक्ता म्हणतो ‘हा मोकळा’. उद्या तोच ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिला जाईल आणि दोन फाइली एकमेकींचा मजकूर पुसत बसतील. आणि आयनोड आणि बिटमॅप दोन्ही पोचले, मजकूर राहिला, तर? कागदोपत्री सगळं जुळतं. कुठलीही तपासणी करा, दोष सापडणार नाही. फक्त फाइल उघडली की त्या ब्लॉकमध्ये पूर्वी जे काही पडलेलं होतं ते दिसतं. कदाचित दुसऱ्या कोणाच्या पुसलेल्या फाइलचा तुकडाही. मला या सगळ्यांत हीच अवस्था सर्वांत भीतिदायक वाटते, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

सुरुवातीच्या युनिक्स फाइल सिस्टिमांचा यावरचा उपाय होता एफएसचेक नावाचा प्रोग्राम. यंत्र नीट बंद झालं नसेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना तो अख्खी डिस्क पालथी घालायचा: प्रत्येक आयनोड वाचायचा, ब्लॉक मोजायचे, तक्ता नव्याने मांडायचा, बेवारस फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायच्या. डिस्क लहान होत्या तोवर हे चालून गेलं. पुढे डिस्क वाढत गेल्या आणि ही तपासणी तासन् तास चालू लागली. तीन ब्लॉक लिहिताना गडबड झाली म्हणून कोट्यवधी ब्लॉक तपासायचे, हा हिशेबच बसत नव्हता. शिवाय वर सांगितलेली शेवटची अवस्था एफएसचेकला ओळखूही येत नाही.

तोडगा डेटाबेसवाल्यांकडून आला, आणि मराठी वाचकाला तो समजावणं मला विशेष सोपं वाटतं, कारण आपल्या हिशेबाच्या भाषेत त्याला नेमके शब्द आहेत: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार आधी रोजकीर्दीत ओळीने लिहायचा, मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवायचा. खतावणी लिहिताना मधेच उठावं लागलं तरी बिघडत नाही. रोजकीर्द उघडायची आणि राहिलेलं चढवायचं. फाइल सिस्टिममधलं जर्नल म्हणजे ही रोजकीर्द.

ते चालतं असं. डिस्कवर एक सलग पट्टा जर्नलसाठी राखून ठेवलेला असतो. आयनोड आणि बिटमॅप बदलायचे असले की त्यांच्या नव्या प्रती आधी तिथे लिहायच्या. त्या खरोखर पोचल्या याची खात्री झाली की शेवटी एक छोटा ब्लॉक लिहायचा: ‘कमिट’. तो एका सेक्टरात मावतो, म्हणून तो एक तर आहे किंवा नाही. अर्धवट अशी स्थितीच नाही. त्यानंतर निवांतपणे मूळ जागी बदल करायचे. क्रॅश झाला तर पुढच्या वेळी फक्त जर्नल वाचायचं. कमिट असलेला व्यवहार पुन्हा चढवायचा, कमिट नसलेला सोडून द्यायचा. अख्खी डिस्क धुंडाळायची गरज उरली नाही. तासांचं काम सेकंदांवर आलं.

१९८७ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट हॅगमन यांनी सीडर फाइल सिस्टिमला ही पद्धत लावली. आयबीएमची जेएफएस १९९० मध्ये आली, मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस १९९३ मध्ये, सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस १९९४ मध्ये. लिनक्समध्ये स्टीफन ट्वीडी यांनी जुन्या ईएक्सटी२ ला जर्नल जोडून ईएक्सटी३ केली, आणि ती २००१ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दाखल झाली.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ‘जर्नल आहे म्हणजे माझा डेटा सुरक्षित आहे’ असं पुष्कळ जण धरून चालतात. बहुतेक फाइल सिस्टिमांच्या जर्नलमध्ये तुमचा मजकूर जातच नाही. तिथे आयनोड, बिटमॅप, फोल्डरच्या नोंदी असा फक्त संसाराचा हिशेब असतो. मजकूरही जर्नलमध्ये घालायचा तर प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागेल, आणि वेग पार घसरेल. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ यांत तशी सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते. नेहमीची पद्धत ‘ऑर्डर्ड’ म्हणून ओळखली जाते: मजकूर आधी त्याच्या जागी लिहायचा आणि मगच त्याच्याकडे बोट दाखवणारी नोंद जर्नलमध्ये कमिट करायची. त्यामुळे निदान दुसऱ्याच्या कचऱ्याकडे बोट दाखवलं जात नाही. तिसरी ‘राइटबॅक’ पद्धत तेवढाही क्रम पाळत नाही. वेग हवा म्हणून ती निवडणाऱ्यांनी तिची किंमत ठाऊक असूनच ती निवडावी.

क्रम किती नाजूक असतो हे २००९ मध्ये सगळ्यांना दिसलं. ईएक्सटी४ नुकतीच वापरात येत होती. लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या: यंत्र लटकलं, पुन्हा सुरू केलं, तर डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या. नाव आहे, आत काही नाही.

घडत होतं ते असं. सेटिंग बदलताना प्रोग्राम नवी तात्पुरती फाइल लिहितो आणि मग तिचं नाव बदलून तिला जुन्या फाइलच्या जागी बसवतो. नाव बदलणं हा अखंड व्यवहार आहे. जुनी फाइल किंवा नवी, मधलं काही नाही. ईएक्सटी३ मध्ये ही युक्ती बिनघोर चालायची, कारण ऑर्डर्ड पद्धतीत नाव बदलल्याची नोंद कमिट होण्याआधी नवा मजकूर डिस्कवर गेलेला असायचा. ईएक्सटी४ ने वेगासाठी नवी चाल आणली: मजकुराला डिस्कवर कुठली जागा द्यायची हा निर्णयच पुढे ढकलायचा. जागाच ठरलेली नाही, तर कमिटच्या आधी लिहिणार काय? मग नाव बदलल्याची नोंद ५ सेकंदांत जर्नलमध्ये जायची आणि मजकूर रॅममध्ये बराच वेळ थांबायचा. त्या मधल्या काळात क्रॅश झाला की जुनी फाइल गेलेली आणि नवी रिकामी.

वाद जोरात झाला. ईएक्सटी४ चे प्रमुख टेड त्सो यांचं म्हणणं होतं की मजकूर डिस्कवर नेण्याची मागणी प्रोग्रामने केलीच नव्हती. नियमाप्रमाणे फाइल सिस्टिम बरोबर आहे. नियमाने पाहिलं तर ते खरंच होतं. पण लोकांच्या फाइली जात होत्या, हेही तितकंच खरं. शेवटी त्यांनीच लिनक्स २.६.३० मध्ये दुरुस्ती केली: नाव बदलून एखादी फाइल दुसरीच्या जागी बसवली जात असेल, तर नव्या मजकुराला लगेच जागा देऊन तो आधी लिहायचा. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. हजारो प्रोग्राम एका न लिहिलेल्या हमीवर उभे असतील, तर ती हमी अचानक काढून घेणं वापरणाऱ्यांवर अन्याय आहे.

तर मग ती मागणी करायची कशी? त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक आज्ञा आहे, एफसिंक. तिचा अर्थ: या फाइलचं जे काही रॅममध्ये आहे ते डिस्कवर गेल्याशिवाय मला उत्तर देऊ नको. फाइल बदलण्याची सुरक्षित पद्धत त्यातून बनते. तात्पुरती फाइल लिहा, तिला एफसिंक करा, नाव बदला, आणि मग ज्या फोल्डरमध्ये ती आहे त्या फोल्डरलाही एफसिंक करा. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं, ते फोल्डरच्या नोंदीत असतं. ती नोंद डिस्कवर गेली नसेल तर नाव बदलणंच हरवू शकतं.

एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस असंख्य फोनांत आणि ब्राउझरांत बसलेलं आहे. त्याची जुनी पद्धत पाहण्यासारखी आहे. एखादं पान बदलण्याआधी ते त्या पानाची मूळ प्रत एका शेजारच्या फाइलमध्ये लिहितं आणि एफसिंक करतं. मग मुख्य फाइलमध्ये बदल करतं आणि पुन्हा एफसिंक करतं. शेवटी ती शेजारची फाइल काढून टाकतं. ती काढली गेली तो क्षण म्हणजे कमिट. उघडताना ती फाइल अजून दिसली तर समजायचं की काम अर्ध्यात राहिलं होतं, आणि मूळ प्रती परत जागेवर ठेवायच्या. फाइल सिस्टिम रोजकीर्दीत पुढे काय करायचं ते लिहिते. एसक्यूलाइट मागे काय होतं ते जपतं. दिशा उलट, तत्त्व एकच.

मग सगळेच प्रोग्राम एफसिंक का करत नाहीत? कारण तो महाग आहे. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला, आणि ईएक्सटी३ वर तो मधूनमधून सेकंद-सेकंद अडकायचा. तो एसक्यूलाइटमधून एफसिंक करायचा, आणि ईएक्सटी३ मध्ये एका फाइलच्या एफसिंकपायी बाकीच्यांचाही साचलेला मजकूर ढकलावा लागायचा. अशा अनुभवांनी प्रोग्रामरांच्या एका पिढीला एफसिंक टाळायला शिकवलं, आणि वर्षभराने शून्य बाइटच्या फाइली समोर आल्या.

दुसरी वाट रोजकीर्दच नको म्हणते. जुन्या ब्लॉकवर कधीच लिहायचं नाही. बदललेला मजकूर नव्या जागी, त्याच्याकडे बोट दाखवणारी नोंद नव्या जागी, असं करत झाडाच्या मुळापर्यंत जायचं आणि शेवटी मुळाचा पत्ता बदलायचा. तो बदलेपर्यंत जुनं झाड जसंच्या तसं उभं असतं. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. सनची झेडएफएस, लिनक्समधली बीटीआरएफएस आणि ॲपलची २०१७ मध्ये आलेली एपीएफएस या वाटेने जातात. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसमही, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडाही, ठेवतात; त्यामुळे डिस्कने चुकीचे बाइट परत दिले तर ते पकडले जातात. जर्नलवाल्या फाइल सिस्टिमांना मजकुराच्या बाबतीत सहसा ते जमत नाही. रचना म्हणून मला हीच जास्त देखणी वाटते. पण इथेही अजून मुळाशी न जोडलेला मजकूर क्रॅशमध्ये जातोच. एफसिंकची गरज संपत नाही.

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली म्हणजे लिहिलं. डिस्कच्या पोटातही एक कॅश असते, आणि तिच्यातला मजकूर विजेबरोबर जातो. म्हणून जर्नलच्या कमिटआधी आणि कमिटनंतर डिस्कला ‘तुझी कॅश रिकामी कर’ असा हुकूम द्यावा लागतो. ईएक्सटी३ मध्ये हा हुकूम बरीच वर्षं मूळ सेटिंगमध्ये बंद होता. ईएक्सटी४ मध्ये तो चालू असतो. मॅकवर साधा एफसिंक आजही डिस्कची कॅश रिकामी करून घेत नाही. त्यासाठी एफ-फुलएफसिंक ही वेगळी आज्ञा आहे. आणि हुकूम देऊनही तो पाळला जाईलच असं नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पाच उत्पादकांच्या १५ एसएसडी घेतल्या आणि त्यांची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडली. १५ पैकी १३ मध्ये काही ना काही बिघाड दिसला. सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडींत कपॅसिटर बसवलेले असतात ते याचसाठी: वीज गेल्यावर पोटातलं लिहून संपवण्यापुरती ऊर्जा त्यांत साठवलेली असते.

एवढं सगळं धरून फाइल सिस्टिम किती विश्वासार्ह म्हणायच्या? नुसत्या मतापेक्षा चाचण्या जास्त सांगतात. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ नावाजलेले प्रोग्राम तपासले, त्यांत एसक्यूलाइट, पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस आणि कोडचे बदल जपणारं गिटही होते. हे प्रोग्राम फाइल सिस्टिमकडून न मागता कोणत्या हमी गृहीत धरतात, ते त्यांनी शोधलं आणि क्रॅशमध्ये मार खाईल अशा ६० जागा काढल्या. म्हणजे तज्ज्ञांनी लिहिलेल्या कोडमध्येही हा करार नीट वाचलेला नव्हता.

मग २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या गटाने फाइल सिस्टिमांकडेच मोर्चा वळवला. त्यांचं निरीक्षण साधं होतं: आजवर सापडलेले क्रॅशचे बहुतेक दोष रिकाम्या फाइल सिस्टिमवर दोन-तीन क्रिया आणि एक एफसिंक एवढ्यावर पुन्हा घडवता येतात. मग अशा छोट्या छोट्या क्रियांच्या लाखो जुळण्या यंत्राकडून करवून घ्यायच्या, प्रत्येक एफसिंकनंतर क्रॅश झाल्याचं नाटक करायचं आणि उरलं काय ते पाहायचं. बीटीआरएफएस आणि एफ२एफएस या रुळलेल्या फाइल सिस्टिमांत १० नवे दोष निघाले. त्यातले ७ तर २०१४ पासून कर्नलमध्ये तसेच बसलेले होते. आणखी एक दोष एफएससीक्यू मध्ये निघाला. एमआयटीत बनलेली ही फाइल सिस्टिम गणिती पुराव्याने सिद्ध केलेली होती. पुरावा खोटा नव्हता. चूक होती पुराव्याच्या कक्षेबाहेरच्या, वेगासाठी जोडलेल्या भागात.

त्याच वर्षी पोस्टग्रेसच्या मंडळींना सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. एफसिंक स्वतःच अयशस्वी झाला तर? डिस्कने लिहिताना चूक दिली, तर एफसिंक प्रोग्रामला ती कळवतो. पोस्टग्रेस अनेक वर्षं असं समजत होतं की अशा वेळी थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक करावा. तो यशस्वी झाला म्हणजे मजकूर पोचला. लिनक्स मात्र चूक एकदा कळवल्यावर रॅममधल्या त्या पानांवरची ‘लिहायचं बाकी आहे’ ही खूण काढून टाकत होतं. दुसऱ्या एफसिंकला लिहिण्यासारखं काही दिसायचंच नाही, आणि तो ‘यशस्वी’ असं उत्तर द्यायचा. मजकूर डिस्कवर नसायचा, आणि डेटाबेस त्याची रोजकीर्दीतली नोंद निकालात काढायचा.

२०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने आपलं वागणं बदललं. आता एफसिंकमध्ये चूक आली की ते पुन्हा प्रयत्न करत नाही. ते स्वतःहून तिथेच कोसळतं, आणि पुन्हा उठताना रोजकीर्दीतले शेवटच्या चेकपॉइंटनंतरचे, म्हणजे सगळं डिस्कवर पोचल्याची शेवटची खात्री झाली त्यानंतरचे, व्यवहार पुन्हा चढवतं.